मदत हवी आहे: सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो’

मुलगी बारावी सायन्सला, ठाण्यात. अमेरिकेतल्या पाच कॉलेजांना कॉमन अ‍ॅपवरून (एकच ऑनलाइन अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची सोय) अर्ज करतेय, बहुतेकांची मुदत १ जानेवारी. निबंध झाले, मार्कशीट झाल्या, घोडं अडलंय शिफारसपत्रांपाशी.

गोची अशी की ती इंटिग्रेटेडला आहे. नाव कॉलेजात, दिवस नौपाड्यातल्या क्लासमध्ये. कॉलेजात जाते ती प्रॅक्टिकलपुरती. फिजिक्सच्या सरांना तिचा रोल नंबर माहीत असेल, चेहऱ्याची खात्री नाही. माणूस भला, नाही म्हणाले नाहीत. "तूच लिहून आण, लेटरहेडवर सही-शिक्का करून बंद पाकिटात देतो." पाकीट घेऊन करू काय? पत्र ऑनलाइनच भरायचं, त्यासाठी त्यांना ईमेलवर लिंक येणार म्हटलं, तर "मग माझा पासवर्ड तुम्हीच बनवा." प्रवेशाचं काम बघणाऱ्या एजंटचंही तेच, वर ‘सगळे करतात’.

मला पटत नाहीये. तिला खरं ओळखतात ते क्लासचे केमिस्ट्रीचे सर. त्यांचं पत्र चालेल का? अर्जात काउन्सेलर (शाळेतला विद्यार्थी-मार्गदर्शक) म्हणून कोणाचं नाव द्यायचं? आमच्या कॉलेजात हे पदच नाही. आणि ते फर्पाचं काय, पत्र बघायचा हक्क सोडायचा की ठेवायचा?

कोपरीकर: ताई, सरांच्या नावाने लॉगइन अजिबात करू नका. उघडकीला आलं तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. सरांना मजकूर नको, मुद्दे द्या: तिने प्रॅक्टिकलमध्ये काय केलं, कुठे अडली, काय विचारलं. आमच्या वेळी मी स्टाफरूममध्ये सरांना लॅपटॉप उघडून दिला आणि वडापाव खायला बाहेर पडलो. चार ओळी मोडक्या इंग्रजीत लिहिल्या त्यांनी, पण त्यांच्या होत्या.

काउन्सेलरच्या जागी प्राचार्य किंवा उपप्राचार्य चालतात. शाळेचा रिपोर्ट आणि गुणपत्रकं त्यांच्याकडूनच जातात, म्हणून त्यांना आधी गाठा. फर्पा हा तिथला १९७४चा कायदा. हक्क सोडा, म्हणजे पत्र मोकळेपणाने लिहिलंय असं कॉलेजला वाटतं. नंतर बदलता येत नाही, तेव्हा मुलीशी बोलून मगच टिक करा.

पामबीच: क्लासच्या सरांना ‘इतर’ या गटात घाला, तेही ते कॉलेज घेत असेल तरच. विषयशिक्षकाची जागा त्याने भरत नाही. इंग्रजीच्या मॅडमना विचारलंत का? एमआयटीसारख्या ठिकाणी (त्यांचा अर्ज कॉमन अ‍ॅपवर नसतो) एक पत्र गणित-विज्ञानाचं आणि एक भाषा वा समाजशास्त्रांच्या बाजूचं मागतात.

आणखी एक, यात आम्ही फसलो होतो. सरांना निमंत्रण गेलं की काम झालं असं वाटतं. तसं नाही, प्रत्येक कॉलेजच्या पानावर जाऊन त्यांचं नाव वेगळं जोडावं लागतं. आमचं एक कॉलेज राहिलं, ते २९ डिसेंबरला रात्री लक्षात आलं. सरांना स्पॅमही बघायला सांगा.

धागाकर्ती: दोघांचे आभार. इंग्रजीच्या मॅडम सुचल्याच नव्हत्या, वक्तृत्वाला त्यांनीच तिला पाठवलं होतं! मंगळवारी प्रॅक्टिकल आहे, लॅपटॉप घेऊनच जाते. एजंटला अजून काही सांगितलेलं नाही.