भारताची खरी चुरस पाकिस्तानशी नाही, ऑस्ट्रेलियाशी आहे

गहुंजे_गॅलरी

२०२५ च्या सप्टेंबरात लागोपाठ तीन रविवार भारत-पाकिस्तान सामने झाले. आशिया चषक, दुबई. तिन्ही आपण जिंकलो, सोसायटीत फटाके वाजले, मीही खाली उतरलो होतो. पण आज त्यातलं काय आठवतं असं विचाराल तर अंतिम सामन्यातली तिलक वर्माची खेळी, बस्स.

उलट १९ जानेवारी २०२१ मला चेंडूगणिक आठवतो. घरून काम चालू होतं, मीटिंगचा कॅमेरा बंद ठेवून ब्रिस्बेनची कसोटी बघत होतो. पुजारा अंगावर चेंडू घेत होता. खांद्यावर, बोटांवर, हेल्मेटवर. आईने कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायच्याच राहिल्या. दुपारी एक वाजून गेल्यावर पंतने हेझलवूडला समोर चौकार मारला तेव्हा खालचा भात करपला होता आणि कोणालाच त्याचं काही नव्हतं. ३२ वर्षं ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर कसोटी हरली नव्हती. आणि बरोबर एक महिना आधी, १९ डिसेंबरला, ॲडलेडमध्ये आपण ३६ धावांत गारद झालो होतो. त्यानंतर कोहली घरी परतलेला, शमी जखमी, मेलबर्नला रहाणेचं शतक, आणि शेवटच्या कसोटीपर्यंत बुमराह, अश्विन, जडेजा कोणीच उरलं नव्हतं. पालघरहून लोकलने मुंबईला सरावाला येणारा शार्दूल आणि पहिलीच कसोटी खेळणारा वॉशिंग्टन सुंदर यांनी सातव्या गड्यासाठी १२३ जोडल्या नसत्या तर हा पाठलाग झालाच नसता.

माझं म्हणणं असं की पाकिस्तानशी आपलं वैर आहे, ऑस्ट्रेलियाशी चुरस आहे. वैरात कोण जिंकलं एवढंच उरतं. चुरशीत दोघेही आधीपेक्षा चांगले होतात. २००१ ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर त्यांना हरवल्यानंतर आपला संघ बदलला तो ऑस्ट्रेलियामुळे. आणि जगात सर्वोत्तम कोण हे ठरवायचं असेल तर दुसऱ्याच्या घरात जाऊन मालिका कोण जिंकतं ते बघा. क्रमवारीचा तक्ता त्यानंतर.

चेपॉक९९

पूर्ण असहमत, आणि मनापासून लिहितोय.

१९९९ मध्ये बँकेच्या बदलीमुळे मी चेन्नईला होतो. ३१ जानेवारी, रविवार. चेपॉकच्या मैदानावर पाकिस्तानविरुद्धची कसोटी. २७१ चं लक्ष्य, सचिनची पाठ गेलेली, प्रत्येक धावेनंतर तो वाकून उभा राहायचा. त्याच्या १३६ धावा झाल्या. २५४ वर तो सकलेनच्या चेंडूवर बाद झाला आणि पुढच्या चार धावांत उरलेले तिघेही गेले. १२ धावांनी हरलो. माझ्या शेजारी कपाळाला विभूती लावलेले एक आजोबा होते, सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. पाकिस्तानचा संघ मैदानाला फेरी मारायला निघाला तेव्हा तेच आधी उभे राहिले. मग आमची रांग, मग अख्खं चेपॉक. डोळ्यांत पाणी होतं आणि टाळ्या थांबत नव्हत्या. आजोबांच्या हातांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

याला तुम्ही नुसतं वैर म्हणता? चारच दिवसांनी दिल्लीत कोटलावर कसोटी सुरू झाली आणि कुंबळेने एका डावात दहाच्या दहा घेतले. २००४ ला मुलतानमध्ये सेहवाग ३०९, रावळपिंडीत द्रविड २७०, त्यांच्या घरात आपण २-१ जिंकलो. म्हणजे तुमच्याच मापाने मोजलं तरी हे बसतं. आणि आजही एकूण कसोटी विजयांत पाकिस्तान १२, भारत ९. हा हिशेब चुकता करायचा राहिला आहे हे विसरू नका.

गहुंजे_गॅलरी

@चेपॉक९९ काका, चेपॉकबद्दल वाचून अंगावर काटा आला. पण १२ आणि ९ च्या मधला आकडा तुम्ही लिहिला नाहीत. ५९ कसोटींपैकी ३८ अनिर्णित. १९५४-५५ ला पाचही अनिर्णित, १९६०-६१ ला पुन्हा पाचही. मग १९७८ पर्यंत कसोटीच नाही. जिंकण्यापेक्षा न हरणं मोठं झालं की असं होतं, आणि दोन्ही कर्णधारांवर घरून तेवढा दबाव होता. हरून परत गेलो तर तोंड कसं दाखवायचं, ही भीती. ऑस्ट्रेलियाशी हरलो तर आपण चिडतो, पण खेळाडूच्या घरावर दगड पडतील अशी धास्ती नसते. म्हणून तिथे पाठलाग करायची हिंमत होते.

चेपॉक९९

ती भीती खेळाडूंची नव्हती, आपली होती. आणि डिसेंबर २००७ नंतर एकही भारत-पाकिस्तान कसोटी झालेली नाही. बुमराह पाकिस्तानविरुद्ध एकही कसोटी न खेळता निवृत्त होईल, बाबर आझमही भारताविरुद्ध तसाच. खेळूच दिलं नाही आणि वर म्हणायचं चुरस उरली नाही! राजकीय कारणं मला कळतात, त्यात मी पडत नाही. पण २०२२ ला टी-ट्वेन्टी विश्वचषकात मेलबर्नला ३१ वर ४ वरून कोहलीने काढलेला सामना तुम्हाला पाठ असणारच. हारिस रौफला सरळ डोक्यावरून मारलेला षटकार तुम्ही विसरू शकता का, सांगा.

लीड्सकर

दोघेही भारताच्या बाहेर बघायला तयार नाही. मी चौदा वर्षं यॉर्कशरमध्ये आहे. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची ॲशेस १८८२ पासून आहे आणि तिच्यासमोर बाकी सगळं लहान आहे.

२५ ऑगस्ट २०१९ ला मी हेडिंग्लीत होतो. इंग्लंड पहिल्या डावात ६७ वर बाद झालेली, लक्ष्य ३५९. शेवटचा गडी आला तेव्हा ७३ हव्या होत्या. आमच्या स्टँडमधले निम्मे लोक उठून जायच्या बेतात होते. मग स्टोक्स. त्या भागीदारीत जॅक लीचची धाव एकच, पण तो चष्मा पुसायला थांबला की वीस हजार लोक श्वास रोखून गप्प. जिंकल्यावर अनोळखी माणसाने मला उचलून धरलं. मी मूळचा मिरजेचा, माझा त्या ॲशेसशी काय संबंध? तरीही रडलो.

आणि @गहुंजे_गॅलरी, "दुसऱ्याच्या घरात जिंकतो तो मोठा" हे तुमचं माप. मग ऑस्ट्रेलियाने भारतात शेवटची मालिका कधी जिंकली? २००४. त्यातही नागपूरला खेळपट्टीवर गवत ठेवलं होतं.

गहुंजे_गॅलरी

@लीड्सकर हा मुद्दा मान्य, आणि बरोबर ठिकाणी लागला. पण ॲशेसचं काय? ऑस्ट्रेलियाने इंग्लंडमध्ये २००१ नंतर मालिका जिंकलेली नाही, इंग्लंडने ऑस्ट्रेलियात २०१०-११ नंतर नाही. आपापल्या अंगणात दोघेही राजे. आपण ऑस्ट्रेलियात २०१८-१९ आणि २०२०-२१ अशी दोनदा जिंकलो, आणि दुसऱ्या वेळी निम्मा संघ दवाखान्यात असताना. १९४७-४८ पासून तिकडे जात असूनही त्याआधी एकदाही जमलं नव्हतं.

जुना_स्कोअरर

१९४७-४८ चं नाव निघालं म्हणून लिहितो, एरवी मी वाचूनच जातो. मुंबईच्या कांगा लीगला पंचवीस वर्षं स्कोअरबुक लिहिलं, पावसात भिजलेली पानं इस्त्रीखाली वाळवली आहेत.

त्या दौऱ्यात ॲडलेडला ब्रॅडमनने २०१ काढल्या, हॅसेट १९८ नाबाद. उत्तरात आपल्या विजय हजारेंनी दोन्ही डावांत शतकं केली, ११६ आणि १४५, समोर लिंडवॉल आणि मिलर. दत्तू फडकरांनी १२३ केल्या. हजारे सांगलीचे, फडकर कोल्हापूरचे. डावाने हरलो, मालिका ४-० गेली. पण चुरशीचं बी तिथे पेरलं गेलं असं मी मानतो, २००१ ला नाही.

फेब्रुवारी १९८१ ची मेलबर्न कसोटी तर मी रेडिओवर ऐकली आहे, पहाटे, चाळीतल्या गॅलरीत. लिलीच्या चेंडूवर गावसकरना पायचीत दिलं, बॅटला लागलंय असं त्यांचं म्हणणं, आणि ते चेतन चौहानना घेऊन मैदानाबाहेर निघाले. सीमारेषेपाशी व्यवस्थापकांनी चौहानना अडवलं नसतं तर सामना तिथेच संपला असता. पुढे ऑस्ट्रेलियाला १४३ हव्या होत्या आणि कपिलने मांडी दुखावलेली असताना २८ धावांत ५ घेतले. ऑस्ट्रेलिया ८३ सर्वबाद. आमच्या चाळीत त्या सकाळी कोणी कामाला वेळेवर गेलं नाही.

मात्र "सर्वोत्तम" हा शब्द आजच्या कुठल्याही संघाला लावू नका. १९८० ते १९९५ वेस्ट इंडिज एकही कसोटी मालिका हरली नाही. पंधरा वर्षं, २९ मालिका, घरी आणि बाहेर. माझ्यासाठी सर्वोत्तमची व्याख्या तीच.

आकडेमोड

जुन्या आठवणींचा आदर आहे, पण आज कोण पुढे हे आठवणींवर ठरत नाही.

आयसीसीच्या क्रमवारीत समोरचा संघ किती बलवान हे मोजतात, सामना कुठे झाला हे मोजत नाहीत. अलीकडच्या सामन्यांना पूर्ण वजन, जुन्यांना निम्मं. म्हणजे घरच्या फिरकीच्या खेळपट्टीवर मिळवलेला विजय आणि पर्थचा विजय, किंमत सारखी. सप्टेंबर २०२३ मध्ये तिन्ही प्रकारांत आपण पहिले होतो. १९ नोव्हेंबरला अहमदाबादला विश्वचषकाच्या फायनलमध्ये काय झालं, ट्रॅव्हिस हेडने १३७ कशा काढल्या, ते मी लिहायला नको. त्याच वर्षी जूनमध्ये ओव्हलला कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामनाही त्यांनीच २०९ धावांनी जिंकला होता.

आणि घराचं म्हणाल तर २०२४ ला न्यूझीलंडने आपल्याला आपल्याच घरात ३-० हरवलं. २०२५ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेने २-०, गुवाहाटीत तर ४०८ धावांनी. याच आफ्रिकेने जूनमध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटी अजिंक्यपदाची गदा नेली. धागाकर्त्यांच्या मापाने आज सर्वोत्तम बावुमाचा संघ. भारत-ऑस्ट्रेलिया चुरस असेल, पण ती पहिल्या क्रमांकाची राहिलेली नाही.

गहुंजे_गॅलरी

@आकडेमोड याला माझ्याकडे उत्तर नाही. पुण्याजवळच्या गहुंजेला न्यूझीलंडविरुद्ध मी तिन्ही दिवस होतो. दुसऱ्या दिवशी कोहली सँटनरच्या फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला, तेव्हा माझ्या पुढचा दहा-बारा वर्षांचा मुलगा वडिलांना विचारत होता, "बाबा, नो बॉल होता ना?" वडील काहीच बोलले नाहीत. सँटनरने सामन्यात १३ घेतले. बारा वर्षं आपण घरी एकही मालिका हरलो नव्हतो, ते माझ्या डोळ्यांसमोर संपलं.

आज आपण कसोटीत सर्वोत्तम नाही, लिहून देतो. आफ्रिकेला फक्त एक विचारायचं आहे: त्या अजिंक्यपदाच्या साखळीत त्यांना ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडशी एकही मालिका खेळावी लागली नाही. फायनल मात्र त्यांनी खणखणीत जिंकली, त्यात वाद नाही.

सांगलीची_सई

एवढे प्रतिसाद वाचले, सगळे पुरुष क्रिकेटवर. खरंच वाईट वाटलं.

३० ऑक्टोबर २०२५. नवी मुंबई, डी. वाय. पाटील, महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना. ऑस्ट्रेलिया ३३८. विश्वचषकात लागोपाठ १५ सामने न हरलेला संघ. आमच्या गावची स्मृती लवकर बाद झाली तेव्हा मी आणि बहीण एकमेकींकडे बघितलंही नाही. मग हरमन आणि जेमिमा. शेवटी शेवटी जेमिमाला उभं राहवत नव्हतं, ओठ हलताना स्क्रीनवर दिसत होते, आणि ती १२७ नाबाद राहिली. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला सर्वांत मोठा पाठलाग. डगआउटमध्ये प्रशिक्षक अमोल मुझुमदार, ज्यांना रणजीत धावांचे डोंगर रचूनही भारताकडून एकदाही खेळायला मिळालं नाही. तीन दिवसांनी त्याच मैदानावर विश्वचषक आपला झाला, पण मला विचाराल तर चषक उपांत्य सामन्यातच जिंकला होता.

त्या १५ सामन्यांआधी ऑस्ट्रेलियाला विश्वचषकात कोणी हरवलं होतं माहीत आहे? आपणच. २०१७, डर्बी, हरमनप्रीत १७१ नाबाद. आणि कसोटीच हवी असेल तर डिसेंबर २०२३, वानखेडे, त्यांच्याविरुद्ध आपला पहिला कसोटी विजय. हरलेली कर्णधार अलिसा हीली कॅमेरा घेऊन आपल्या मुलींचे फोटो काढत होती.

म्हणून चुरस ऑस्ट्रेलियाशी, हे मला मान्य आहे. "तेव्हापासून आपला संघ बदलला" असं लिहिताना फक्त २००१ लिहू नका, एवढंच म्हणणं.

जुना_स्कोअरर

@सांगलीची_सई ताई, चूक झाली. हजारेंच्या सांगलीचं लिहिलं आणि स्मृतीचं राहिलं.

चेपॉक९९

सईताईंचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत चांगला. हीलीचं वाचलं आणि चेपॉकचे आजोबा आठवले.

पण माझं मत बदललेलं नाही. त्या दिवसाचं तिकीट अजून कपाटात आहे, शाई उडत चालली आहे, तारीख तेवढी वाचता येते. भारत-पाकिस्तान कसोटी पुन्हा झाली, लॉर्ड्सला झाली, मेलबर्नला झाली, कुठेही झाली, तर मुलाला घेऊन जाणार आहे. त्याचं वय २४. त्याने ती कसोटी कधी धड बघितलेलीच नाही.