गोंधळ्याला आणि कॉलेजच्या गायकाला एकच गुणपत्रिका?

लालबागकर: परवा परळला एका लोकगीत स्पर्धेला बसलो होतो. गावाकडचा गोंधळी संबळ-तुणतुण्यासकट उभा राहिला. देवतांना ‘गोंधळाला ये’ म्हणता म्हणताच 6 मिनिटं संपली नि घंटी वाजली. (तुळजापूर झालं होतं, कोल्हापूर राहिलं!) पहिला नंबर कॉलेजच्या मुलाला. तो छानच गायला, तक्रार त्याच्याबद्दल नाही. गोंधळ्याचा सूर थोडा हलला, तेही मान्य. पण रात्रभराच्या विधीला सूर-ताल-उच्चार हेच रकाने? यजमानाचं कुलदैवत बघून आख्यान फुलवायचं किंवा आवरायचं, हे कसब कुठे मोजलं?

तिरपागडा: मग स्पर्धेत उतरू नये. आणि अस्सल कोणाला म्हणायचं? शाहीर विठ्ठल उमप गोंधळी घराण्यातले नव्हते, तरी त्यांचं जांभूळ आख्यान लोकांनी डोक्यावर घेतलं. लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण गिरगावच्या, तमाशाच्या फडावर कधी नाचल्या नाहीत. 2022 साली पद्मश्री मिळाली. गुण काय जन्मदाखला बघून द्यायचे?

लालबागकर: जन्माचं मी बोललोच नाही. सुलोचनाबाईंची लावणी माइकसमोर ठसठशीत. यमुनाबाई वाईकर बैठकीत अदा करत एकेक ओळ खुलवायच्या. दोघी थोर. पण यमुनाबाईंना रेकॉर्डच्या 3 मिनिटांत तोलाल?

संबळवाली: आजोबा गोंधळी होते म्हणून बोलते. आमच्यात सूर हललेला चालतो हे कोणी सांगितलं हो? तुणतुण्याची तार उतरली की आजोबा भर गोंधळात झिलकऱ्यावर (मागे साथ धरणाऱ्यावर) डोळे वटारायचे. दया नको. आणि 6 मिनिटांत जमत नाही हेही खोटं. पहाटे यजमान पेंगायला लागला की चहा निवायच्या आत आख्यान संपलेलं असायचं. वेळेचं त्या गोंधळ्याला आधी नीट सांगितलं होतं का, तेवढं सांगा.

लालबागकर: माइकवरून एकदा सांगितलं. तेव्हा तो विंगेत संबळ कसत होता.

तिरपागडा: ही चूक आयोजकांची, धरतो. पुढच्या वेळी परीक्षकांत एक गोंधळी बसवा. मग कमी गुण पडले तर ओरडायचं नाही, लालबागकर.

संबळवाली: बसवाच. आमची माणसं जास्त खवट. त्या कॉलेजच्या पोरालाही विचारतील, गोंधळ मांडलास बाळा, दिवटी (गोंधळातली मशाल) कुठाय?