मदत हवी आहे : हलका तंबू आणि काटक्यांवरची शेगडी

मंडळी, नमस्कार. आम्ही सोलापूरचे तिघे डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचं म्हणतोय. दीड किलोचा नायलॉनचा तंबू घेतलाय आणि काटक्यांवर चालणारी स्टीलची घडीची शेगडी.

परवा शेतात बांधावर दोन्हींची चाचणी केली. तुराट्या भसकन पेटतात न् तितक्याच लवकर विझतात, सारखं घालत बसावं लागतं. बाभळीच्या वाळक्या काटक्या मात्र झकास, चहा पटकन झाला. पातेलं काळंकुट्ट झालं ते सोडा. पण एक ठिणगी उडाली आणि तंबूला मटकीएवढं भोक! शेगडी चांगली चार हात लांब होती, वारं आडवं आलं.

तर विचारायचं असं :

नायलॉनला टिकाऊ ठिगळ कशाचं लावू? वाऱ्यात शेगडीला आडोसा कसा करता? (तंबूच्या आत पेटवणार नाही, कार्बन मोनॉक्साइडनं माणूस झोपेतच जातो.) आणि मुख्य म्हणजे, गड अभयारण्यात येतो, तिथं काटक्या गोळा करणं, जाळ करणं चालतं का? वाळलेल्या गवताचीही धास्ती आहेच. नसेल चालत तर शेगडी घरीच ठेवतो. कडक भाकरी न् शेंगाचटणी आहेच की!