मदत हवी आहे : खूणभाषेच्या एम.ए. प्रबंधात ओठांच्या हालचाली नोंदवायच्या कशा?

विषय असा : बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरी मराठी आणि शाळेत कन्नड असलेले कर्णबधिर तरुण खुणा करताना ओठांनी कोणत्या भाषेतला शब्द उच्चारतात? ‘पाणी’ की ‘नीरु’? खूण तीच राहते, ओठ बदलतात, म्हणूनच हे तपासण्यासारखं आहे.

आराखडा : १२ जण, जोडीजोडीने गप्पा. समोर ऐकू येणारा संशोधक बसला की माणसं तोंडाने बोलल्या जाणाऱ्या भाषेच्या शब्दक्रमाने खुणा करू लागतात, म्हणून चित्रीकरणावेळी कर्णबधिर सहकारीच खोलीत. तीन कॅमेरे : एकेकावर एक, तिसरा दोघांवर. सेकंदाला ५० फ्रेम. २५ वर हातांच्या जलद हालचालींचे टप्पे निसटतात. शटर १/१००, नाहीतर ट्यूबलाइटचा लुकलुकाट येतो. सुरुवातीला एक टाळी, म्हणजे तिन्ही फिती जुळवता येतात. संमती कागदावर नको, खुणांमध्ये समजावून व्हिडिओवरच घ्यायची. खूणभाषेचं व्याकरण चेहऱ्यावरही असतं, तो झाकला तर व्याकरणच झाकलं जातं, त्यामुळे निनावीपणाचं खोटं आश्वासन देता येत नाही.

अडचण नोंदणीत आहे. ‘एलान’मध्ये (व्हिडिओवर वेळेनुसार नोंदी करायचं सॉफ्टवेअर) उजवा हात, डावा हात, ओठ, अर्थ असे चार स्तर केले आहेत. पण प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. मग संशयित नोंदींना वेगळा स्तर द्यावा, की त्याच स्तरात एखादं चिन्ह टाकावं? दुसऱ्या नोंदकाकडून किती भाग तपासून घ्यावा? १० टक्के पुरतील का? आणि मराठी-कन्नड दोन्ही ओठ वाचणारे कर्णबधिर नोंदक सीमाभागात कुठे भेटतील? त्यांना मानधन द्यायचं आहे.