सोन्याचा लाल रंग आणि गवती चहा

कुणी विचारेल की सोन्याचे सूक्ष्म कण पाण्यात लाल दिसतात, म्हणजे त्यात काही भेसळ असते का? अजिबात नाही. कण दहा-वीस नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) झाले की त्यातले इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाच्या तालावर एकत्र डोलतात, ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हा प्रकाश शोषला जातो आणि आपल्याला उरतो तो लाल.

एकदा तरी हे डोळ्यांनी बघाच. क्लोरोऑरिक आम्लाचं (हे सोन्याचं एक संयुग) फिकट पिवळं, उकळतं द्रावण, त्यात सोडियम सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) ओतायचं, म्हणजे सोन्याचे कण तयार होतात. पिवळा रंग जातो, मग सगळं शाईसारखं काळपट-निळं होतं, वाटतं बिघडलं. आणि बघता बघता माणकासारखा लाल चढतो. रसायनशास्त्रज्ञ टर्केविचची ही १९५१ची रीत आजही चालते. फक्त काचेचं भांडं आधी अम्लराजाने (सोनंही विरघळवणारं तीव्र आम्लांचं मिश्रण) धुतलेलं हवं.

याच द्रावणात चिमूटभर मीठ टाकलं तर ते निळं पडतं. सायट्रेटमुळे कणांवर ऋणभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. मिठाने तो झाकला जातो आणि कण गोळा होतात. हे शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेनेही १८५०च्या दशकात पाहिलं होतं. मात्र ही झाली गर्दी, रचना नव्हे. रचना हवी तर कणांना डीएनएचे पूरक, म्हणजे एकमेकांशी नेमके जुळणारे, धागे बांधतात, म्हणजे कोण कोणाला चिकटेल ते आपण ठरवतो. १९९६मध्ये मर्किन आणि अलिव्हिसाटोस या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांनी ते करून दाखवलं.

आपल्या पुण्याच्या एनसीएलमधलं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) कामही सांगायलाच हवं. तिथे मुरली सास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या भावकीतल्या लेमनग्रासच्या अर्कातून, साध्या खोलीच्या तापमानाला, सोन्याचे चपटे त्रिकोण बनवले (२००४). आधी गोल कण जमतात, मग एकमेकांत मुरून त्रिकोण होतो. मला हे फार सुंदर वाटतं.