मदत हवी आहे: लोगोचे पैसे दिले, पण लोगो हातात नाही (ठाणे)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आई गेली नऊ वर्षं घरून मसाले आणि लोणची विकते. कळव्यात आमच्या बिल्डिंगमधून सुरुवात झाली, आता डबे नौपाड्यापर्यंत जातात. लेबल म्हणजे काय, तर पांढऱ्या स्टिकरवर मार्करने "गोडा" नाहीतर "कैरी". आता पाचपाखाडीत एक छोटा गाळा भाड्याने घेतलाय, दसऱ्याला उघडायचाय, म्हणून म्हटलं एकदाच लोगो, बोर्ड, लेबलं सगळं नीट करून घेऊ. ओळखीतून एक फ्रीलान्सर मुलगा मिळाला, ६००० ठरले. लोगो खरंच छान केलाय, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून मारलेली गाठ आणि खाली नाव. आईला बघताक्षणी आवडला, आणि आईला काही बघताक्षणी आवडतं का ते आमच्या घरी येऊन विचारा.

पैसे पूर्ण दिले. त्याने व्हॉट्सॲपवर दोन जेपीजी टाकल्या आणि "ऑल द बेस्ट ताई".

मग वागळे इस्टेटला बोर्डवाल्याकडे गेले तर तो म्हणतो, ताई हा फोटो आहे, सीडीआर (कोरलड्रॉची फाईल) द्या नाहीतर कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांच्या रेषा केलेली, पीडीएफ द्या, अक्षरं ॲक्रिलिकची कापायचीत, मशीनला रेषा लागते. तरी बघा ना जमतंय का म्हटलं तर त्याने स्क्रीनवर मोठं करून दाखवलं, गाठीच्या कडेला चक्क जिन्याच्या पायऱ्या. लेबलवाल्याकडे ट्रायल काढली तर मोबाईलवर पेटल्यासारखा दिसणारा केशरी कागदावर विटकरी आला. आई म्हणाली हा तर जुन्या तिखटाचा रंग, लोक म्हणतील गेल्या वर्षीचं खपवताय.

मुलाला फोन केला तर सोर्स फाईलचे, म्हणजे ज्यात लोगो काढला त्या मूळ फाईलचे, वेगळे ४००० मागतोय, सगळीकडे असंच असतं म्हणे. आमच्यात लिहिलेलं काही नाही, चॅटमध्ये फक्त "लोगो, २ बदल, ६०००" एवढंच. शिवाय बोर्डाच्या डिझाइनमध्ये इंग्रजी नाव ठसठशीत आणि मराठी खाली बारीक, त्यात ल हिंदीतला दांडीवाला. आमच्या नावात दोन ल आहेत हो!

तर त्याचं मागणं बरोबर आहे का? आणि दुसऱ्याकडून तोच लोगो परत काढून घेतला तर चालेल का?

शाईचे_हात: प्रेसमध्ये २० वर्षं झाली, असं गिऱ्हाईक आठवड्याला एक येतंच, वाईट वाटून घेऊ नका. त्याच्याकडून फाईलच्या दोन कॉपी घ्या, एक टेक्स्ट तसंच ठेवलेली आणि एक कर्व्ह केलेली. कर्व्ह झालं की अक्षराचा नुसता रेषांचा आकार होतो, मग फॉन्ट बदलून ल बदलत नाही, म्हणून आधी दोन्ही ल मराठीतले पाकळीचे करून घ्या. केशरीचं म्हणाल तर स्क्रीन उजेडातून रंग दाखवते आणि आम्ही चार शायांमधून, तो झगझगीत केशरी सीएमवायकेत, म्हणजे त्या चार शायांत, बसतच नाही. त्याला सीएमवायकेचे आकडे लिहून द्यायला सांगा, थोडा पिवळ्याकडे झुकवा आणि ट्रायल लेबलाच्याच कागदावर काढा. पीडीएफ आली की ८०० टक्के मोठी करून बघा, कडा गुळगुळीत राहिल्या तर खरी. बरेच जण जेपीजीच पीडीएफमध्ये चिकटवून देतात.

अर्धा_वकील: परत काढून घ्यायची घाई नको. पैसे दिले म्हणजे लोगो आपला असं सगळ्यांना वाटतं, पण फ्रीलान्सरने केलेल्या लोगोचा कॉपीराइट लेखी करून दिल्याशिवाय साधारणपणे त्याचाच राहतो. पगारी माणसाने नोकरीत केलेलं काम मालकाचं, ते वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ बघा, हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून ४००० वर घासाघीस करा, पण द्याल तेव्हा फाईल आणि सही केलेला कागद दोन्ही घ्या. पुढे ट्रेडमार्क करणार असाल तर मसाले वर्ग ३० मध्ये आणि लोणची २९ मध्ये, म्हणजे दोन फिया.

आणि बोर्डाचं आधी बघा. महाराष्ट्राच्या दुकानांच्या कायद्यात २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानालाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. ॲक्रिलिक कापून झाल्यावर कळलं असतं तर?

मी (धागाकर्ती): बापरे, बोर्डाचं माहीतच नव्हतं, आत्ताच बोर्डवाल्याला थांबवलं. मुलगा २५०० वर आला, कागदावर सही करायलाही तयार आहे, म्हणाला ताई मलाच माहीत नव्हतं असं काही असतं. उगाच एवढी चिडले त्याच्यावर. पैसे सही झाल्यावर देणार.

मी: पीडीएफ आली. ८०० टक्के केली. अक्षरं एकदम गुळगुळीत, दोन्ही ल पाकळीचे. गाठीला मात्र पायऱ्याच. म्हणजे गाठ त्याने काढलीच नाहीये का?

अर्धा_वकील: सही थांबवा. गाठ कुठून आणली ते विचारा, फोनवर नको, चॅटवर.

मी: विचारलंय. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही. आईला अजून सांगितलं नाहीये.