दुनळी बंदूक चामडी पेटीत नको, आणि काडतूस जपून निवडा
जुनी इंग्लिश दुनळी पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत ठेवावी का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत चामडं ओल धरतं आणि नळ्यांवर तांबूस ठिपके उठतात. पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्या. जास्त झालं तर ते दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं.

पण गंजापेक्षा जास्त काळजी काडतुसाची घ्या. जुन्या बाराबोर बंदुकीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, बऱ्याचदा ६५ मिलिमीटर लांब, आजचं नेहमीचं काडतूस ७० चं. तोंड घडी घालून मिटलेलं असल्यामुळे ते आत सहज बसतं, हीच फसगत! बार उडाला की तोंडाची घडी उलगडून पुढच्या निमुळत्या भागात शिरते, वाट आवळते, दाब वाढतो. आधी परवानाधारक कारागिराकडून चेंबर मोजून घ्या. नळीवर वेटोळ्यांची दमास्कस नक्षी असेल, म्हणजे ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वेटोळून घडवलेली जुनी नळी असेल, तर तपासणीआधी एकही बार काढू नका.